पतंग कशाला मोजतो

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. लग्नात, कृषी केंद्रात, पारावर, जिथे जाईन तिथे तोच प्रश्न: बीएस्सी ॲग्री झालास, शेजारच्या वावरात ड्रोनने फवारणी होते, अन् तू रोज सकाळी कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नराला ओढणाऱ्या सापळ्यात, अडकलेले कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजून वहीत लिहितोस. शिकून असा मागे कसा गेलास?

या 'मागे'चा मला राग येतो. ड्रोनला माझा विरोध नाही. 2017 साली पाठीवर पंप घेऊन उंच पऱ्हाटीत शिरलेली आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली माणसं विषबाधेने गेली. माणसाच्या पाठीवरून पंप उतरवणाऱ्या यंत्राला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण आज फवारायचं की थांबायचं, हे ड्रोनला कोण सांगणार?

अर्थात एवढंच कारण असतं तर मी केव्हाच सांगितलं असतं.

आठवत असेल, बीटीच्या, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीच्या, 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायची. वावराभोवती तिचे तास, म्हणजे ओळी, लावायच्या, त्याला रेफ्युजी म्हणायचे. लाखात एखादी अळी बीटी खाऊनही जगणारी निघते. तसे दोन पतंग एकमेकांना भेटले तर पुढची पिढी बीटीला दाद देत नाही. नॉन-बीटीवर साध्या अळ्या भरपूर वाढल्या, तर त्या दुर्मीळ पतंगाची गाठ साध्या पतंगाशीच पडेल आणि त्यांची पिल्लं बीटी खाऊन मरतील. हे गृहीतक होतं, अन् त्याला अटीही होत्या: पानाफुलांत विषाचं प्रमाण भरपूर हवं, जगण्याचा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच उतरणारा हवा, आणि रेफ्युजी प्रत्येकाने लावायला हवी.

2011 साली आम्ही सरकी टोबत होतो. मी ती पुडी धुऱ्यावर फेकली. काकाजींनी उचलून पाहिली.

"काहून फेकतं बावा? कंपनी फुकट कायले देईन?"

"काकाजी, पाच तास अळीले खाऊ घालाचे काय? ते नुसतं गृहीतक हाय."

'नुसतं' म्हणालो, तेही पदवीच्या जोरावर. गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी बीटीच्या पहिल्या जनुकाला पुरून उरल्याचं 2010 मध्ये ते जनुक आणणाऱ्या मोन्सँटो कंपनीनेच मान्य केलं होतं. ते मला ठाऊक होतं. तरी मी त्यांना सांगितलं की ते जुनं बियाणं, आपलं दोन जनुकांचं, प्रगत. त्यांनी स्वतःची पुडीही माझ्या पुडीशेजारी टाकली.

2017 च्या नोव्हेंबरात ते दुपट्ट्यात बोंडं बांधून माझ्या ओसरीवर आले. हिरवीगार, टणक, बाहेरून एकही भोक नाही. अळी बारीक असतानाच आत शिरते, मग भोक बुजून जातं. मी विळ्याने पहिलं बोंड कापलं. कप्प्यातला कापूस पिवळा पडून चिकटलेला, सरकी पोखरलेली, आणि मधोमध गुलाबी पट्ट्यांची अळी, उजेड लागताच अंग आखडून घेणारी. दुसरं कापलं. तिसरं. काकाजी बोटांवर मोजत होते. बारापैकी नऊ. मला वाटलं आता बोलतील, मी ऐकायला तयारही होतो. ते काहीच बोलले नाहीत. मी कापलेली बोंडं उकिरड्यावर टाकायला उठलो, तर त्यांनी माझ्या हातातून घेतली, दुपट्ट्यात परत बांधली अन् निघून गेले.

माझ्यातला 2011 चा मी अजून वाद घालतो. एका पुडीने काय झालं असतं? पतंग काय धुरा पाहून उडतो? बरोबर आहे. शिवाय आपल्या संकरित वाणांच्या एकाच बोंडात काही सरक्यांत ते जनुक असतं, काहींत नसतं, म्हणजे 'भरपूर विषा'ची अट तिथेच मोडते. आपले वाणही लांब मुदतीचे, त्यावर आपण फरदड, म्हणजे वेचणीनंतर तीच कपाशी पुढे राखून आणखी पीक, घेत फेब्रुवारी-मार्चपर्यंत अळीला जेवण वाढत राहतो. सगळ्यांनी रेफ्युजी लावली असती तरी इथे ती पुरली असती का, मला आजही सांगता येत नाही. पण प्रत्येक घरात एक शिकलेला असाच बोलला, हेही तितकंच खरं.

अमेरिकेने 2018 साली आपल्या कापसातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. तिथेही बीटीच होतं. सोबत वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, पट्ट्यातले सगळे शेतकरी एकत्र आले, आणि वर्षानुवर्षं सापळ्यातले पतंग मोजले गेले. मला सांगा, यातलं प्रगत काय? विमान, जनुक, की ती मोजणी? मी पूर्वी पटकन जनुक म्हणालो असतो. आता गृहीतक चुकतंय हे वेळेवर कळण्याची सोय ज्यात आहे, त्याला प्रगत म्हणावंसं वाटतं. ती सोय माझ्याकडे सापळ्याची अन् वहीची आहे. तीही पक्की नाही. एका वर्षी सापळे जवळजवळ रिकामे होते आणि डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, मात्र निघाल्या.

काकाजी गेले. त्यांचं वावर आता मी वाहतो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले तर फवारणी, असा हिशेब आहे. त्यांच्या वावरात परवा नऊ होते, काल आठ, आज सात. संध्याकाळी वीस बोंडं तोडून कापणार आहे. दोनात अळी निघाली तर उद्या पंप काढीन.