धुतलेला गिलास

उपासना सुटली की आमच्या चर्चच्या ओट्यावर चहा-पाणी होतं. मागं पाळकसाहेबांनी जाहीर केलं, आता कागदी पेले बंद, स्टीलचे ग्लास वापरायचे. एदेन बागेची मशागत आणि राखण देवानं माणसाकडं सोपवली, तो उत्पत्तीचा दुसरा अध्यायही वाचून दाखवला. सगळे आमेन म्हणाले. ग्लास धुणार कोण, यावर मात्र कुणी आमेन म्हणेना.

आळसाची गोष्ट नाही हो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तेव्हापासून आमच्याकडं तांदळाचं धुवण मोरीत जात नाही, कढीपत्त्याला जातं. प्लास्टिकचे पेले २०२२ च्या जुलैपासून देशभर कायद्यानंच बंद. कागदी पेल्यालाही आतून प्लास्टिकचा थर असतोच. कचरा टाळावा तर पाणी जातं, पाणी वाचवावं तर उकिरडा वाढतो.

तरुण संघातल्या एका पोरानं तोडगा काढला, "तांब्या ठेवू, वरून पिऊ. उष्टं नाही, धुणं नाही."

बिनतोड. पण मला आजी आठवली. तिच्या लहानपणी वाड्यावर पाणी मागितलं की ओंजळीत वरून ओतायचे. भांड्याला हात लागू द्यायचे नाहीत. म्हणून तिच्या दारी आलेल्याला, पाणी टँकरचं का असेना, धुतलेला गिलासच मिळायचा. "वरून पाजू नको लेकरा, तोंड लावून पिऊ दे." यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, तरी येशूनं विहिरीवर शोमरोनी बाईला पाणी मागितलं, ही तिची आवडती गोष्ट. "त्याच्यापाशी कुठं पोहरा होता? म्हंजी तिच्याच भांड्यानं पिला असंल की!" तो प्याला की नाही, ते शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. आजीला त्याची गरजही नव्हती.

शेवटी ठरलं, ज्यानं त्यानं आपला ग्लास घरून आणायचा. विसळायला पाण्याची दोन घमेली, गढूळ झालेलं पाणी आवारातल्या कडुनिंबाला. मी आजीचाच नेतो. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं तिचं नाव आता नुसतं बोटालाच कळतं.

परवाच्या रविवारी एक पाहुणे रिकाम्या हातानं आले. मी आजीचा ग्लास विसळून भरून दिला. त्यांनी मान वर केली, ग्लास चांगला वीतभर उंच धरला.

"लावा की तोंड," मी म्हटलं.