पानात टाकलेलं

आमच्या घरी पानात टाकायची सोय नव्हती. वाढलेलं संपेपर्यंत आजी समोर बसून राहायची. ओरडायची नाही, नुसती बसायची. त्यामुळे कारल्याची भाजी मी आजही मुकाट्यानं खातो, आणि पुस्तक अर्धवट सोडलं की समोर कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं. मराठीत ताटालाही पान म्हणतात आणि पुस्तकाच्या कागदालाही, त्याचा मला झालेला हा ताप.

चाळिशीपर्यंत हातात घेतलेलं प्रत्येक पुस्तक मी संपवलं. न आवडलेलं तर जास्तच इरेला पेटून. ही सवय मोडली ती भालचंद्र नेमाड्यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ या कादंबरीनं.

२०१० साली ती आली तेव्हा मी लगोलग विकत घेतली. त्यांच्या ‘कोसला’ची पारायणं करून झालेली, तेव्हा सहाशे पानांचं भय वाटायचं कारण नव्हतं. सुरुवात मोहेंजोदडोच्या उत्खननात. वडील आजारी असल्याचं कळून नायक खंडेराव गावी, मोरगावला, निघतो. त्याच्याबरोबर मी आजवर तीनदा निघालो आणि तिन्ही वेळा वाटेत उतरलो. शेवटच्या खेपेची खूण अजून आत आहे, लाँड्रीची पावती, पान १४३. अशा वेळी ‘आपणच कमी पडलो’ असं म्हणायची पद्धत आहे. मी थोडा पडलोच, पण थोडं पुस्तकाचंही आहे. एका आठवणीतून दुसरी, तिच्यातून गोष्ट, गोष्टीतून आणखी कुणाची तरी भांडणं. मधलं कुठलंही पान उघडा, झकास. सलग जायला बघा, चकवा लागतो. अर्थात लेखकानं नावातच ‘समृद्ध अडगळ’ असं बजावलेलं आहे, आणि अडगळीत सरळ रेषेत कोण चालतं?

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चं, कर्णावरच्या कादंबरीचं, उलटं झालं. नववीच्या सुट्टीत गच्चीवर पडून चार दिवसांत फडशा पाडला होता, शेवटी रडलोही होतो. गेल्या वर्षी पुन्हा काढलं. कर्णाचं पहिलं निवेदन पार पडलं, पण कुंती बोलायला लागली आणि मी थबकलो. हा आवाज तर आत्ताच ऐकला होता! कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा जण आपापली बाजू सांगतात, पण उपमा सगळ्यांना एकाच कोठारातून वाटलेल्या. नववीत हे कळलं नाही ते बरंच झालं. आता ते पुस्तक संपवलेल्यांत धरायचं की सोडलेल्यांत? बायको म्हणाली, “अरे, दोन्हीकडे मांड. हिशेब कुणाला द्यायचाय?” ती स्वतः रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचते, तेव्हा तिच्याकडून काय शिकायचं!

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’बद्दल मात्र तक्रार नाही. १९३९ सालची कादंबरी, युरोपातून निघालेली बोट, त्यावरचे जर्मनीतून पळालेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. सोलापूरच्या गाडीत सुरू केली आणि सोलापूर यायच्या आत संपली. लहान आहे म्हणून नव्हे. बेडेकरांनी पाल्हाळ लावलाच नाही म्हणून.

आणि एक पुस्तक मी मुद्दाम संपवलेलं नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, राहिलेला भाग त्यांच्या मुलानं, देवदत्त टिळकांनी, पूर्ण केला. मी तो उघडला, चार पानं वाचली आणि मिटला. लिहिलंय नीटच. पण इतका वेळ स्वतःच्या फजितीला हसत बोलणारी बाई अचानक उठून आत गेली, आणि दुसरं कुणी येऊन तिच्याबद्दल अदबीनं बोलू लागलं, असं झालं. ज्या पानावर बाई उठल्या तिथंच मीही उठतो.

हा सोडण्याचा रोग एकट्यालाच आहे असं मला वाटायचं. मग आमच्या वाचनालयातली पुस्तकं मी आडवी धरून बघायला लागलो. बघाच एकदा. पुस्तक मिटायचं आणि पानांची कड उजेडात धरायची. सुरुवातीची कड बोटांनी काळपट झालेली असते, मग तो मळ फिका होत जातो आणि एका जागी थांबतो. पुढे कोरं पांढरं. नुकतीच एक मोठ्या पुरस्काराची जाडजूड कादंबरी आणली होती. मागच्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे एकोणीस शिक्के आणि मळ जेमतेम बोटभर. एकोणीस जणांनी पानात टाकलेलं! मी विसावा. पान ८८ पर्यंत नेटानं मळ लावून आलो.

परत द्यायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या काकांनी विचारलं, “कशी वाटली?”

“चांगली आहे,” मी म्हटलं.

काकांनी पुस्तक आडवं धरलं, चष्म्यावरून कड न्याहाळली आणि शिक्का मारला.

“हो, सगळे तेच म्हणतात.”