तुम्ही विचारलंत म्हणून: पाचवा तुकडा

"शिकवणारी व्यक्ती चांगली असेल तर शैक्षणिक साहित्य कोणते का असेना, एवढी चिकित्सा कशासाठी?" साहित्य निवड समितीतील सहकाऱ्यांनी हा प्रश्न मला इतक्या वेळा आणि अलीकडे इतक्या वैतागाने विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून काढणेच बरे. चांगल्या शिक्षकांचे महत्त्व मी कमी लेखते, असा त्यामागचा आरोप मला फार लागतो. मी आज जे काही बरे शिकवते, त्यातले पुष्कळसे शेजारच्या वर्गावर असणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंकडून उचललेले आहे. त्यांना माझ्या वर्गात यावे लागले, ते मी निवडलेल्या संचामुळेच.

अपूर्णांकांसाठी तो संच मी आग्रह धरून मागवला होता. डब्यात गोल चकत्या होत्या: एक अखंड लाल, दोन पिवळे अर्धे, चार निळे पाव, आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचा अपूर्णांक ठळक छापलेला. दर बाकाला एक डबा. मुले दोन निळे तुकडे एका पिवळ्यावर भराभर बसवून दाखवत, आणि महिनाभर मला वाटत राहिले की इतका सोपा विषय आपण आजवर उगाच अवघड करून शिकवत होतो. मग चाचणी झाली. "५/४ चे चित्र काढा" या प्रश्नाखाली एका मुलाने लिहिले होते, "असा अपूर्णांक नसतो."

मी लाल फुली मारली. उत्तरपत्रिका परत देताना सगळ्या वर्गासमोर त्याला म्हटले, "संच समोर घे आणि नीट बघ." त्याने डबा उघडला, निळे तुकडे एकेक करून बाकावर मांडले, डबा उलटा करून आत काही उरले नाही ना हे पाहिले आणि म्हणाला, "बाई, चारच आहेत. पाचवा द्या ना." वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला आणि तास संपेपर्यंत मी त्याला उभे ठेवले. निळे तुकडे बाकावर गोल जुळलेले तसेच पडून होते. तो माझ्याकडे नव्हे, त्यांच्याकडे बघत उभा होता, बहुधा अजूनही पाचवा शोधत.

मधल्या सुट्टीत मी हा प्रकार तक्रारीच्या सुरात बाईंना सांगितला. त्या एवढेच म्हणाल्या, "त्याचं चुकलं कुठे? तुम्ही दिलेल्या डब्यात तो अपूर्णांक आहे का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या तासातली पंधरा मिनिटे मागून घेतली. हातात कागदाच्या दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या होत्या. एक पट्टी उचलून त्यांनी "ही आपली एक पूर्ण" असे मुलांकडून कबूल करून घेतले, दोन्ही पट्ट्यांना घड्या घालून प्रत्येकीचे चार भाग पाडले, पहिलीच्या शेजारी दुसरीचा एकच भाग ठेवला आणि त्याच मुलाला विचारले, "एक तास आणि वर पाव तास, याला काय म्हणतोस?" "सव्वा तास." "मग इथे पाव किती आहेत?" त्याने बोट ठेवत पाच मोजले, थांबला, आणि म्हणाला, "म्हणजे सव्वा म्हणजेच पाच छेद चार?" शब्द त्याच्याजवळ आधीपासून होता, माझ्या संचाने तो झाकून टाकला होता. मग बाईंनी पहिली पट्टी मधोमध दुमडली आणि विचारले, "आता एवढीच पूर्ण मानली, तर हाच तुकडा किती?" कालचा पाव आज अर्धा होतो हे मान्य करायला वर्ग सहजी तयार नव्हता. ते भांडण त्यांनी अजिबात मिटवले नाही, होऊ दिले.

यावरून मी त्या वेळी काढलेला निष्कर्ष अगदी तोच होता, जो आज तुम्ही माझ्यापुढे ठेवता: साहित्य गौण, शिक्षक सर्वस्व. तो मी कित्येक बैठकांत ठासून मांडला. एका नव्या सहकाऱ्यांनी संच मागितला तेव्हा मूठभर कागदी पट्ट्या त्यांच्या हातात ठेवून मी म्हटले, "एवढं पुरतं." त्यांनी प्रामाणिकपणे घड्या घातल्या, "हा पाव, हा अर्धा" असे सांगितले आणि धडा पुढे नेला. "पूर्ण कोणते?" हा प्रश्न पट्टीत नव्हताच, तो बाईंच्या डोक्यात होता, आणि तो नव्या माणसाला आपोआप सुचेल असे मी गृहीत धरले होते. शिक्षकावर विश्वास दाखवतो आहोत असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी त्यांना एकटे सोडले होते.

म्हणून मी चिकित्सा करते. बेल्जियममधील शिक्षक जॉर्ज क्विझनेअर यांच्या रंगीत पट्ट्या मला बऱ्या वाटतात. त्यांविषयीचे त्यांचे पुस्तक १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. १ ते १० सेंटिमीटर लांबीच्या या पट्ट्यांवर एकही अंक लिहिलेला नसतो. ४ सेंटिमीटरची जांभळी पूर्ण मानली, तर ५ सेंटिमीटरची पिवळी म्हणजे ५/४, आणि ८ सेंटिमीटरची तपकिरी पूर्ण मानली, तर तीच जांभळी अर्धी होते. पूर्ण ठरवल्याशिवाय अपूर्णांकांकडे वळताच येत नाही, त्यामुळे तो प्रश्न नवख्या शिक्षकालाही विचारावाच लागतो. अर्थात तिथेही काही दिवसांत मुले "पिवळी म्हणजे पाच" असे घोकू लागतात, हे मी पाहिले आहे.

"पण मुलांना चकत्या आवडतात," असे तुम्ही म्हणता. आवडतात, हे खरे. मानसशास्त्रज्ञ जूडी डीलोश यांनी लहान मुलांना खोलीची छोटी प्रतिकृती दाखवून, तिच्यात लपवलेल्या खेळण्यावरून खऱ्या खोलीतले मोठे खेळणे शोधायला लावले होते. तीन वर्षांची मुले ते बहुधा शोधत. पण त्यांना आधी प्रतिकृतीशी मनसोक्त खेळू दिले, तेव्हा त्यांचा शोध अधिक वेळा चुकला. वस्तू वस्तू म्हणूनच फार आवडली, की ती दुसऱ्या कशाची खूण आहे हे दिसणे कठीण होते. माझी मुले त्यांच्याहून बरीच मोठी होती, त्यामुळे हा दाखला मी पुरावा म्हणून देत नाही. पण बाकावर जुळलेले ते निळे वर्तुळ मला यामुळे थोडे समजले.

एक गोष्ट मात्र मी समितीत आजवर बोललेले नाही. पाचवा निळा तुकडा वर्गात होता, शेजारच्या बाकावरच्या डब्यात. त्या मुलाने तो मागितला होता, आणि उचलून द्यायला मला दोन पावलेही चालावे लागले नसते. बाईंनी तो नक्कीच दिला असता. मग दोष संचाचा की माझा, याचे उत्तर मी दर वर्षी वेगळे देते. यंदाही समितीपुढे चकत्यांचाच संच आला आहे आणि त्याच्या मागणीपत्रावर मी अजून सही केलेली नाही.