१० यार्डांच्या एका आकड्यासाठी १७ दिवस

फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकेतला, हेल्मेटवाला. आमच्या न्यू जर्सीच्या ऑफिसात दर एप्रिलला एनएफएल ड्राफ्टवर (इथल्या प्रो लीगचे संघ कॉलेजची पोरं पाळीपाळीने निवडतात तो) पैज लागते, २०२१ ला माझ्या वाट्याला डिफेन्सिव्ह लाइन (बचावाची पुढची फळी) आली. म्हणजे १२०-१३० किलोची पोरं किती चपळ आहेत ते बघून क्रम लावायचा.

एरवी हे काम सोपं असतं, इंडियानापोलिसला कम्बाइन (ड्राफ्टआधीची सामाईक चाचणी) होतं, सगळे एकाच मैदानात पळतात उड्या मारतात, आपण आकडे एक्सेलमध्ये टाकायचे. पण त्या वर्षी कोविडमुळे तिथलं पळणं-उड्या सगळं रद्द. प्रत्येक कॉलेजचा आपला प्रो डे (कॉलेजातच घेतलेली चाचणी), आपलं टर्फ, आणि संघांचे खेळाडू हेरणारे स्काउट लोक हातात स्टॉपवॉच घेऊन उभे. हाताने घेतलेली वेळ जरा कमीच येते, पोरगा सुटलेला दिसल्यावर मग बोट दाबलं जातं ना.

उड्यांचे आकडे, थ्री-कोन (तीन शंकूंभोवती वळत पळायचं) वगैरे एका रविवारात भरून झालं. अडलो एका टॅकलपाशी (लाइनच्या मधला खेळाडू). त्याची ४० यार्डांची वेळ सगळीकडे छापलेली, पण मला हवा होता पहिल्या १० यार्डांचा आकडा, तो कुठेच नाही. लाइनमनला ४० यार्ड पळायची वेळ सामन्यात येते कधी? बाबांना साताऱ्याला फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अरे कबड्डीत कोपरारक्षकाला कोणी मैदानाला चक्कर मारायला लावतं का?" बाबांना दोन मिनिटांत कळलं.

म्हणून त्या कॉलेजच्या स्पोर्ट्स ऑफिसला मेल केला. तीन दिवसांनी उत्तर काय, तर फॉर्म भरा. फॉर्ममध्ये "तुम्ही कुठल्या मीडियाचे" हा रकाना सक्तीचा, रिकामा ठेवला तर पुढे जाईना, "कुठलाच नाही" लिहिलं तर दोन दिवसांनी रिजेक्ट. परत मेल. मग दुसऱ्याच कोणाचं उत्तर, की फॉर्म भरा, तोच फॉर्म!! फोन केला तर व्हॉइसमेल भरलेला. बायको म्हणाली अरे ग्रीन कार्डच्या कागदांसाठी कधी एवढा मागे लागला नाहीस. खरंय, पण एव्हाना डोक्यातच गेलं होतं. असे १७ दिवस गेले, ड्राफ्ट २९ एप्रिलला आणि माझा एक रकाना पिवळा, म्हणजे रिकामाच.

शेवटी यूट्यूबवर त्याच्या धावेचा व्हिडिओ सापडला आणि रात्री दीडपर्यंत फ्रेम मोजत बसलो. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ०.०३३ सेकंद. जमिनीवरचा हात उचलला की मोजायला सुरुवात. वैताग असा की १.७० आणि १.८० मध्ये जमीन-अस्मानाचा फरक मानतात आणि इथे तो फक्त तीन फ्रेमचा, त्यात कॅमेरा तिरका, १० ची रेघ नक्की कधी ओलांडली ते कळेना. एकदा ५१ आल्या, एकदा ५३. मी ५२ धरून १.७३ लिहिलं आणि लॅपटॉप बंद केला. स्वतः मोजलेला आकडा आहे, कोणाच्या फॉर्मची भीक नाही!

पैज हरलो ते सोडा. पण नुसत्या आकड्यांवर जाऊ नका हेही सांगतो. व्हर्नन घोल्स्टनने २००८ ला २२५ पौंड ३७ वेळा उचलले, सहावा निवडला गेला, पण एनएफएलमध्ये एकही सॅक (चेंडू फेकणाऱ्याला फेकायच्या आधीच पाडणं) नाही. टेरेल सग्स २००३ ला हळू पळाला म्हणून नाकं मुरडली होती, त्याचे झाले १३९. उलट ॲरन डोनाल्डचं २०१४ चं ४० यार्डांचं ४.६८ सेकंद आणि मैदानावरचा खेळ दोन्ही जुळत होतं, तरी उंची कमी म्हणून १३ व्या नंबरापर्यंत थांबला.

अजून एक, हे आधीच सांगायला हवं होतं: वजन त्याच दिवसाचं घ्या. कॉलेजच्या वेबसाइटवरचं वजन सीझनचं असतं, प्रो डेला पोरं घटवून येतात, आणि मी अर्धी शीट जुन्या वजनावर केली होती, ती परत करावी लागली.