तुम्ही विचारलंत म्हणून: गारठ्यात झाडांना पाणी आणि पाखरांना दाणे

जानेवारी सरता सरता किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईत दोन-चार दिवस गारठा पडतो, कपाटातले स्वेटर बाहेर येतात आणि त्याबरोबर दोन प्रश्नही हमखास येतात. ‘कुंडीतली झाडं मलूल दिसतायत, पाणी वाढवू का?’ आणि ‘पाखरं बिचारी गारठत असतील, दाणे टाकू का?’ दोन्हींचं उत्तर ‘नको’ असं आहे. पण नुसतं ‘नको’ म्हटलं की कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी आपली थंडी म्हणजे किती ते बघू. सांताक्रुझला २२ जानेवारी १९६२ या दिवशी ७.४ अंशांची नोंद झाली होती. २०१२च्या फेब्रुवारीतही पारा दहाच्या खाली उतरला होता. पण ही झाली अपवादाची वर्षं. एरवी आपला गारठा तेरा-चौदा अंशांवर थांबतो आणि एवढ्याने मुंबईतलं कुठलंही नेहमीचं झाड मरत नाही. निफाडला दवबिंदू गोठल्याची बातमी वाचून गॅलरीतल्या कुंड्यांवर चादरी पांघरणारे लोक आहेत. त्या चादरी तुम्हीच पांघरा.

मग झाड मान का टाकतं? उत्तरेत पश्चिमी चक्रावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पावसाची-बर्फाची प्रणाली, येऊन गेला की त्याच्या मागून कोरडा वारा खाली आपल्यापर्यंत पोहोचतो. समुद्रावरची दमट हवा एरवी दुपारी लवकर आत येते, ती या दिवसांत उशिरा येते. परिणाम असा की पहाटे चौदा अंश आणि दुपारी तीस-एकतीस. दुपारच्या कोरड्या उन्हात पानं भराभर पाणी उडवतात, पण रात्रभर गार पडलेल्या मातीतली मुळं ते तितक्या वेगाने ओढत नाहीत. माती ओली आणि पान मलूल, अशी विचित्र अवस्था होते. नेमकं इथेच माणूस झारी उचलतो. आधीच ओल्या मातीत आणखी पाणी पडतं, मुळांची हवा कोंडते, ती कुजतात आणि झाड आणखी मान टाकतं. मग आणखी पाणी! फेब्रुवारीत गेलेल्या कुंड्यांपैकी बहुतेक या चक्रातच गेलेल्या असतात.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, बोट घाला. दोन पेरं आत गेल्यावर ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही, पान कितीही लोळलेलं असो. संध्याकाळी ते आपोआप उभं राहिलं तर सगळं ठीक आहे. पहाटेही लोळलेलंच असेल तर मात्र भानगड मुळाशी आहे. माती कोरडी लागली तर दहा इंची कुंडीला साधारण एक लिटर, तेही तीन वेळा थोडं थोडं करून, खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत. बशीत साचलेलं पाणी पंधरा मिनिटांनी ओतून टाका. वेळ सकाळी नऊ-दहाची, ऊन आल्यावर. गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी चांगलंच गार असतं, ते तासभर बादलीत काढून ठेवलेलं बरं. रात्री पाणी घालायची सवय मात्र सोडाच. ओली पानं, गार हवा, बुरशीला आणखी काय हवं?

किती दिवसांनी घालायचं, याचं एक उत्तर नाही. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र, तिथली रात्र सांताक्रुझपेक्षा बऱ्याचदा दोन-तीन अंशांनी उबदार. आरे, पवई, बोरिवलीकडे गारवा जास्त. शिवाय मजला बघायला हवा. तळमजल्यावरच्या सावलीतल्या कुंडीला चौथ्या दिवशीही ओल असते. चौदाव्या मजल्यावर वारा एकाआड एक दिवस पाणी मागतो.

मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी बघायची. कोकोपीट वरून फिकट आणि सुकं दिसतं, आत चिंब असतं. उलट ते एकदा पूर्ण सुकलं की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. बशीत पाणी आलं म्हणून आपण खूश! अशी कुंडी पाण्याच्या टबात वीस मिनिटं बसवा, बुडबुडे थांबले की काढा.

खत या आठवड्यात कुठलंही नको. मुळं सुस्त असताना घातलेली पेंड नुसती आंबते आणि चिलटं गोळा करते. कढीपत्ता पिवळा पडून पानं गाळतो, अडेनियम बोडकं होतं, हळदीची पानं वाळून आडवी होतात. हा रोग नव्हे, ही त्यांची झोप आहे. हळद तर आता खणून काढायची. तुळशीच्या मंजिऱ्या तेवढ्या खुडून टाका, नाहीतर ती सगळा जीव बियांत घालते. कोथिंबीर, मेथी, पालक, पुदिना यांना मात्र हेच दिवस मानवतात. पेरायचं राहिलं असेल तर आजच पेरा.

धुळीचं कुणी विचारत नाही, पण ते विचारायला हवं. थंडीत वारा मंदावला की शहराची हवा जागच्या जागी राहते आणि आजूबाजूच्या बांधकामांची धूळ पानांवर बसते. आठवड्यातून एकदा सकाळी पानं दोन्ही बाजूंनी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. त्यानेच निम्मा मावा आणि थोडा मिलीबगही वाहून जातो. जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखे पुंजके उरलेच, तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि एक मिली पातळ साबण घुसळून संध्याकाळी फवारा. साबण आधी पाण्यात, मग तेल, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पहिल्या फवाऱ्यातच पानं होरपळतात. फुलांवर मात्र फवारू नका, कारण पाहुणे तिथेच येतात.

आता त्या पाहुण्यांकडे वळू. चौदा अंशांत पाखरू गारठून मरत नाही. पिसं फुगवून ते आपल्या अंगाभोवती हवेचा थर अडकवतं, तीच त्याची रजई. सकाळी सातला ग्रिलवर चेंडूसारखा फुगून बसलेला बुलबुल आजारी नाही, तो ऊन खातोय. भर दुपारी, डोळे मिटून, तसाच फुगून बसलेला दिसला तर मात्र काळजीचं आहे.

दाण्यांचं स्पष्टच सांगायला हवं. मुंबईत गॅलरीत ज्वारी-बाजरी टाकली की येतात ती कबुतरं. ती जागा बळकावतात, कुंड्यांत अंडी घालतात, आणि त्यांच्या सुकलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जाऊन काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. यावरून २०२५ साली शहरात केवढं रान पेटलं, दादरचा कबुतरखाना कसा ताडपत्रीने झाकला गेला, हे सगळ्यांना आठवत असेल. त्या वादात कुणाचीही बाजू घ्या, पण गॅलरीत शिंजीर, शिंपी, चष्मेवाला ही चिमुकली पाखरं यायला हवी असतील तर दाण्यांचा काही उपयोग नाही. त्यांच्यापैकी कुणीच ज्वारी खात नाही. फरसाण, पाव, मीठ घातलेला भात तर कुणालाच घालू नका. साखरपाण्याच्या बाटल्याही नकोत, दुपारच्या उन्हात त्या आंबतात.

त्यांना हवेत किडे, फुलं आणि पाणी. म्हणून तो मावा पूर्ण संपवायचा हट्ट धरू नका. एखादी फांदी सोडा. हिरवे-पिवळे चष्मेवाले थव्याने येतात, पानं उलटीपालटी करून दहा मिनिटांत फांदी साफ करतात आणि निघून जातात. वाळकी पानंही कुंडीखाली थोडी राहू द्या, दयाळ तिथे उकरायला उतरतो.

शिंजीर नीट बघायचा असेल तर जास्वंदीपासून सहा फुटांवर हालचाल न करता बसा. जांभळ्या शिंजीराचा नर पावसाळ्यानंतर साधा होतो: पोट पिवळट आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा. गारठ्याच्या या दिवसांत त्याचा रंग परतत असतो, त्यामुळे अर्धा मातकट, अर्धा झळाळता असा ठिगळं लावलेला नर दिसतो. जास्वंदीचं फूल त्याच्या चोचीसाठी फार खोल. म्हणून तो तोंडाकडून न जाता देठाशी येतो, हिरव्या पेल्यापाशी चोच खुपसतो आणि बाहेरूनच मध काढून घेतो. फुलाला देठाजवळ बारीक चीर दिसली आणि तुम्ही कीड समजून औषध आणायला निघालात, तर थांबा. हीच ती चीर.

त्याच्यासाठी काही लावायचं असेल तर रसेलिया, हमेलिया किंवा पेंटास, बारा इंची कुंडीत, चार तास ऊन मिळेल अशा जागी. कबुतरांसाठी लावलेल्या जाळीतून शिंजीर आणि शिंपी सहसा आत शिरतात, बुलबुल अडतो.

पाण्यासाठी मातीची पसरट परळ घ्या. मध्ये जास्तीत जास्त दीड इंच पाणी, त्यात एक खडबडीत दगड, म्हणजे लहान पाखराला पाय टेकायला जागा. ती कठड्यावर ठेवू नका, खाली कुणाच्या डोक्यात पडेल. आतल्या बाजूला, झुडपापासून चारेक फुटांवर ठेवा. पाणी रोज बदला आणि दर दोन दिवसांनी आतली बाजू ब्रशने खसाखसा घासा, साबण न लावता. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्यालाच चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

अजून एक काम, पाच मिनिटांचं. संक्रांत होऊन पंधरा-वीस दिवस झाले तरी मांजा ग्रिलला, केबलला, फांद्यांना लटकत असतो. हाताला येईल तेवढा काढा आणि कचऱ्यात टाकण्यापूर्वी कात्रीने बोटभर तुकडे करा. अख्खा गुंडा तसाच टाकला तर तो कचराकुंडीवरच्या कावळ्याच्या पायात जातो.

मोगरा कधी छाटायचा, हेही याच सुमारास विचारतात. गारठा असताना नको, छाटलेल्या जागी फूट येत नाही आणि टोकं वाळत जातात. रात्री सलग चार-पाच दिवस अठराच्या आसपास राहू लागल्या, तांबट पक्ष्याचं टुक-टुक दुपारी न थांबता ऐकू यायला लागलं की समजा वेळ झाली. त्याआधी आठवडाभर पाणी तोडा. मग सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) फांद्या वरून एकतृतीयांश छाटा, उरलेली पानं ओरबाडून काढा, वरची दोन इंच माती खुरपीने काढून दोन मुठी शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड घाला, माती परत लोटा आणि भरपूर पाणी द्या. महिना-दीड महिन्यात कळ्या दिसतात.

छाटण्यापूर्वी मात्र झाड एकदा आतून न्याहाळा. बारीक फांदीला कोळ्याच्या जाळ्याने जोडलेला, सालीचे तुकडे चिकटवलेला, वरून लोंबणारा कचऱ्याचा पुंजका दिसला आणि त्याला बाजूने भोक, भोकावर छोटीशी पडवी असली, तर ते शिंजीराचं घरटं. ती फांदी आणि तिच्या आजूबाजूच्या दोन सोडून बाकीचं झाड छाटा. अंडी घालण्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना लागतो. उरलेल्या फांद्या त्यानंतर.