लोणारला गेलो, शनीपाशी अडलो

जालन्याला पहाटे उतरलो आणि मंठ्यामार्गे जाणारी लोणारची एसटी धरली. खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली, बाहेर तुरीची शेतं, आत मफलर गुंडाळलेला मी. दोन दिवसांचा बेत होता. त्यातला पहिला दिवस लॉजवाल्याच्या "गरम पाणी येतंच आहे साहेब" मध्ये गेला. पाणी आलं नाही. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विवराच्या कड्यावर पोचलो. जवळपास 1.8 किलोमीटर रुंद परात, तळाशी हिरवट पाणी. 2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. खारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. मनात कुठेतरी मी त्या गुलाबीच्याच आशेवर आलो होतो, आणि शांततेच्या. मिळाल्या सहलीच्या तीन बस.

सहावी-सातवीची पोरं असावीत. सर माईकवर सांगत होते, "उल्का पडली, खड्डा झाला, पाणी साचलं. दगड अजून तळाशी आहे. लिहून घ्या." इथेच माझं डोकं तडकलं. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं येणारा दगड आपटला की अख्खा राहतो थोडाच? तो स्वतः वितळतो, त्याची वाफ होते आणि खालचा काळा बेसाल्टही उडवून देतो. पण सरांना पुढचा 'पॉइंट' गाठायचा होता. तेवढ्यात दोन वेण्यांची एक पोरगी म्हणाली, "सर, पण दगड आला कुठून?"

"वरून," सर म्हणाले. सगळी हसली. ती हसली नाही.

मी मध्ये पडायला नको होतं. पण सर फोटोच्या रांगा लावायला गेले आणि मी तिला म्हटलं, "मंगळ आणि गुरूच्या मधून आला असणार. तिथे लघुग्रहांचा पट्टा आहे."

"ते कुठं येतं, काका?"

मी हात वर करून आकाशात कुठेतरी दाखवलं. म्हणजे मीही 'वरून'च म्हणालो की! शरम वाटली.

विवराच्या तळाशी कमळजादेवीचं देऊळ आहे. तिथे वाहायला घेतलेला सोललेला नारळ माझ्या पिशवीत होता. तो कड्यालगतच्या रस्त्याच्या कडेला ठेवला. हा सूर्य. नारळाचा व्यास साधारण 14 सेंटिमीटर, सूर्याचा साधारण 14 लाख किलोमीटर, म्हणजे एका मीटरला एक कोटी किलोमीटर. हिशेब इतका सोपा निघाल्यावर मला चेव चढला. पृथ्वी केवढी? जेमतेम सव्वा मिलिमीटर. पोरीनं डबा उघडून पोह्यातली मोहरी काढली. शुक्र जवळपास तेवढाच, त्यालाही मोहरी. बुध, मंगळ यांना वाळूचे कण. गुरूसाठी शेजारी बसलेल्या आजींच्या टोपलीतलं गावरान बोर, शनीसाठी त्याहून थोडं लहान. "बोरं कायले मोजून राहिले भाऊ?" आजी म्हणाल्या आणि आमचा उद्योग बघून पैसेच घेईनात. लॉजवाल्यानं हे बघायला हवं होतं. युरेनस-नेपच्यूनला ज्वारीचे दोन दाणे कुणाच्या तरी खिशातून निघाले.

मग चालणं. अर्ध्या मीटरचं एक पाऊल धरलं. बारा पावलांवर बुध, बाविसाव्याला शुक्र, तिसाव्याला पृथ्वी. प्रत्येक ग्रहावर एकेक पोर उभं केलं. मोहरीवाल्या पोराला वाकून नारळ बघायला सांगितलं. पंधरा मीटरवर तो नारळ बरोबर आकाशातल्या सूर्याएवढा दिसतो. ते पोर कुडकुडत म्हणालं, "थंडीत सूर्य लांब जातो ना काका, म्हणून गार."

खरं सांगतो, तिशी उलटेपर्यंत माझाही तोच समज होता, आणि मुलालाही मी तेच शिकवलं होतं. प्रत्यक्षात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. जुलैत 15 कोटी 21 लाख. आमच्या रस्त्यावर हा फरक एका पावलाचा. "मग थंडी?" एक बोर पृथ्वी धरलं, त्यात आस म्हणून बोरीचाच काटा खुपसला, साडेतेवीस अंशांच्या अंदाजानं तिरका धरला आणि वरचं टोक नारळापासून पलीकडे कललेलं ठेवलं. आत्ता आपण असे, सूर्याकडे पाठ करून. ऊन तिरपं पडतं, दिवसही लहान. बोर गोल फिरवून नारळाच्या पलीकडे नेलं, काटा तसाच ठेवून, तर तेच टोक सूर्याकडे कललं. "हा मे महिना!" पोरगं ओरडलं.

सेहेचाळिसाव्या पावलाच्या आसपास मंगळाचा कण ठेवला. त्याच्यापुढे मात्र पोरं चालतच राहिली. रस्ता रिकामा, मोजणीही चुकली, दोनदा मागे आलो. 156 व्या पावलावर एकदाचा गुरू. दोन वेण्यांची पोरगी मंगळाकडे वळून बघत होती. "दगड ह्या मधल्या जागेतून आला?"

"हो."

"एवढ्या जागेतून एक दगड, आणि तो लोणारलाच?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकातल्या चित्रांवर मात्र राग आला. मण्यांच्या माळेसारखे आठ ग्रह, सारख्या अंतरावर. (माझ्या लहानपणी नऊ. प्लूटोला 2006 मध्ये रांगेतून काढलं.) मधली ही मोकळी जागा चित्रात कधी दिसतच नाही.

286 पावलं झाली. शनीचं बोर ठेवलं आणि शिट्टी वाजली. सर लांबून हात हलवत होते, माझ्याकडे मुलं पळवणाऱ्याकडे बघावं तसं बघत. त्यांचंही बरोबर म्हणा, तीन बस हाकायच्या म्हणजे.

ज्वारीचे दाणे पोरीच्या मुठीत होते. "युरेनस अजून किती?"

"इथवर आलीस ना, तेवढंच परत."

"आणि नेपच्यून?"

"त्याच्याही पुढे. सगळी मिळून नऊशे पावलं."

तिनं रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं, आणि शिट्टी पुन्हा वाजल्यावर पळाली. दाणे तिच्याकडेच राहिले.

बस गेल्यावर मी सूर्य उचलून पिशवीत टाकला. गुरू तोंडात टाकला, आंबट निघाला. पृथ्वी ठेवली होती तिथे दोनदा वाकून बघितलं, एक मुंगी तेवढी होती. मग पायऱ्या उतरून देवीकडे गेलो.