शाळेतले दूध आणि शेजारचे आजोबा

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे आजोबा १९४३ सालचे आहेत. रविवारी दुपारी ते वर्तमानपत्र काखेत मारून चहाला येतात आणि त्यातल्या एखाद्या लेखावर तोंडसुख घेतल्याशिवाय दुसरा कप मागत नाहीत. गेल्या रविवारचा लेख नेहमीच्याच वळणाचा होता: दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढीने रेशनवर दिवस काढले, पण तोंडातून ब्र काढला नाही, आणि आजच्या लोकांना मात्र सगळे सरकारने आयते द्यायला हवे. ‘ब्र काढला नाही?’ आजोबा म्हणाले, ‘मग माझी आई खाटकाच्या दुकानापुढे रांगेत उभी राहून काय स्तोत्रे म्हणत होती?’

त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून आहे. युद्ध चालू असताना ज्या पावावर कधी निर्बंध आले नव्हते, तो पाव युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये, रेशनवर गेला आणि दोन वर्षे तसाच राहिला. गृहिणींनी संघटना काढून निषेध केला, आणि १९५१ च्या निवडणुकीत पंतप्रधान ॲटली यांच्या मजूर पक्षाला मते जास्त पडूनही सत्ता गेली, त्यात रांगांना विटलेल्या मतदारांचाही वाटा होता. मांसावरचे निर्बंध उठायला तर जुलै १९५४ उजाडला. कुरकुर न करणारी पिढी ही संपादकांनी मागाहून घडवलेली मूर्ती आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेशनविषयी कडवट बोलणारे आजोबा शाळेतल्या दुधाचा विषय निघाला की हळवे होतात. एलन विल्किन्सन शिक्षणमंत्री असताना, १९४६ मध्ये, शाळकरी मुलांना रोज एक तृतीयांश पाइंट, म्हणजे साधारण १९० मिलिलिटर, दूध मोफत मिळू लागले. बाटलीचे बूच पुठ्ठ्याचे असे. त्याच्या मधोमध बोटाने दाबून भोक पाडायचे आणि नळी खुपसायची, पण अंगठा जरा जोरात लागला की दूध थेट सदऱ्यावर. हिवाळ्यात बाटल्यांचा क्रेट शेगडीजवळ ठेवत, त्यामुळे दूध कोमट होई आणि वरची साय नळीत अडके. त्या चवीचा त्यांनी असा धसका घेतला आहे की चहातही ते दूध घालू देत नाहीत, आणि तरी ते दूध बंद करणाऱ्यांना शिव्या घालतात. मला यात विसंगती वाटत नाही. महाराष्ट्रातल्या १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी मी नाक मुरडूनच खाल्ली आहे, पण तिला कोणी फुकटेपणा म्हटले तर मलाही राग येईल.

दूध बंद करणारे म्हटले की इथे सगळ्यांच्या तोंडी पुढे पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचरबाईंचेच नाव येते. १९७१ मध्ये शिक्षणमंत्री असताना त्यांनी सात वर्षांवरील मुलांचे दूध थांबवले आणि ‘मिल्क स्नॅचर’, म्हणजे दूध हिसकावणारी, हे थॅचरशी यमक जुळवलेले बिरुद त्यांना जन्माचे चिकटले. माध्यमिक शाळांतले दूध मात्र त्याआधीच, १९६८ मध्ये, विल्सन यांच्या मजूर सरकारने बंद केले होते. विल्सन या आडनावाशी यमक जुळले नाही, एवढेच. मी हे काढले, तेव्हा आयुष्यभर मजूर पक्षाला मत दिलेले आजोबा खिडकीबाहेर पाहू लागले.

त्यांच्या स्वतःच्या पक्षाने जुलै २०२४ मध्ये बहुतेक निवृत्तांचा हिवाळी इंधन भत्ता काढून घेण्याचे जाहीर केले आणि त्यांचे ३०० पौंड गेले. पुढे जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली आणि वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी भत्ता पुन्हा सुरू होईल असे सांगितले. मधल्या काळात, एरवी लोकांना सोसण्याचे धडे देणारे हेच वर्तमानपत्र म्हाताऱ्यांच्या गारठ्यावर पहिल्या पानावर अश्रू ढाळत होते. मग हे घेता तरी कशाला, असे मी एकदा विचारले. त्यांनी पाने उलटून शेवटून तिसरे काढले आणि अर्धे भरलेले शब्दकोडे माझ्यापुढे सरकवले.